शेजारच्या गावचा गिटारवाला

भारतातून पाहुणे आले की आपण मिल्टन कीन्सकर त्यांना काय दाखवतो? ब्लेचली पार्क दाखवतो, विलेन तळ्याकाठचा शांतिस्तूप दाखवतो, सिमेंटच्या गाई दाखवतो. राउंडअबाउट दाखवावे लागत नाहीत, ते आपोआप दिसतात. एवढं झालं की आपली यादी संपते आणि आपण पाहुण्यांना घेऊन लंडनला जातो, नाहीतर ऑक्सफर्डला. ऑक्सफर्डच्या वाटेवर, ए-४२१ रस्त्याने वीसेक किलोमीटर गेलं की बकिंगहॅम लागतं. आठवडी बाजाराचं जुनं गाव, मध्यभागी किल्ल्यासारखा दिसणारा जुना तुरुंग, आणि गावाला वळसा घालून जाणारी ग्रेट ऊझ नदी. हीच नदी पुढे स्टोनी स्ट्रॅटफर्ड आणि वुल्व्हर्टनवरून आपल्याकडे येते. आपल्यापैकी बरेच जण तिच्या काठाने रविवारी सकाळी चालायला जातात.

त्या बकिंगहॅममध्ये ७ मे १९५१ रोजी बर्नी मार्सडेनचा जन्म झाला. नाव ओळखीचं वाटलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, ते फारसं कुणालाच ओळखीचं वाटत नाही. पण त्याचं एक गाणं तुम्ही नक्की ऐकलेलं असणार. ‘हिअर आय गो अगेन’. व्हाइटस्नेक या बँडचं. १९८७ साली ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि तेव्हापासून इथल्या रेडिओवर, लग्नाच्या पार्ट्यांमध्ये आणि मोटरवेवरच्या लांबच्या प्रवासात ते वाजतंच आहे. ज्यांचं कॉलेज पुण्या-मुंबईत झालं, ज्यांनी रंगभवनात किंवा मूड इंडिगोमध्ये लांब केसांची पोरं गिटार झोडताना पाहिली, त्यांना तर ते पाठ असेल. गाण्याची चाल बर्नीची. गाणं जगभर गाजलं तेव्हा मात्र तो त्या बँडमध्ये नव्हता. ध्वनिमुद्रणात त्याची गिटार नव्हती आणि व्हिडिओत त्याचा चेहराही नव्हता.

तरीही त्याची कारकीर्द फसली असं कुणी म्हणत नाही, आणि तो स्वतःही तसं मानत नव्हता. कारकीर्द म्हणजे नेमकं काय, याचा हिशेब मांडायला बर्नीचं आयुष्य फार चांगलं उदाहरण आहे. म्हणून या अंकात त्याच्यावर लिहितो आहे.

गावातला पोरगा

बर्नी लहान होता तेव्हा मिल्टन कीन्स नव्हतंच. म्हणजे त्या नावाचं एक खेडं होतं, पण शहर नव्हतं. २३ जानेवारी १९६७ रोजी सरकारने नव्या शहराची अधिकृत घोषणा केली तेव्हा बर्नी पंधरा वर्षांचा होता. आजूबाजूला शेतं, वुल्व्हर्टनला रेल्वेचे कारखाने, ब्लेचलीला विटांच्या भट्ट्या आणि सगळीकडे चिखल. रॉक संगीताचा संबंध लावावा असं या परिसरात काही नव्हतं.

पण रेडिओ होता. हँक मार्व्हिनची शॅडोज, मग बीटल्स. त्या पिढीतल्या हजारो इंग्लिश मुलांसारखीच त्यालाही गिटारने झपाटलं. आणि १९६६ साली एक रेकॉर्ड आली, जिने त्या पिढीचे कानच बदलले. जॉन मेयॉलच्या ब्लूज ब्रेकर्स या बँडची, एरिक क्लॅप्टनने गिटार वाजवलेली. मुखपृष्ठावर क्लॅप्टन मुलांचं ‘बीनो’ कॉमिक वाचत बसलेला आहे, म्हणून तिला आजही ‘बीनो अल्बम’ म्हणतात. गिटारचा असा आवाज आधी कुणी ऐकला नव्हता. जाड, रुंद आणि गाणाऱ्या गळ्यासारखा लांबत जाणारा. क्लॅप्टननंतर त्या बँडमध्ये पीटर ग्रीन आला, आणि बर्नीने त्याला जन्मभर गुरुस्थानी मानलं. पुढे १९९५ साली त्याने ‘ग्रीन अँड ब्लूज’ नावाचा एक अख्खा अल्बम या गुरुऋणासाठी काढला.

तो आवाज कुठून आला, हे समजून घेतल्याशिवाय बर्नीची गोष्ट पुढे नेता येणार नाही. आणि त्यासाठी आपल्याला लांब जायची गरज नाही. ब्लेचलीच्या डेन्बी रोडपर्यंत गेलं तरी पुरे.

जवारी आणि व्हॉल्व्ह

पश्चिम लंडनमध्ये साउथॉलला लागून हॅनवेल आहे. तिथे १९६० साली जिम मार्शल नावाच्या ड्रमवादकाने वाद्यांचं दुकान काढलं. लहानपणी हाडांच्या क्षयामुळे त्याची कित्येक वर्षं प्लास्टरमध्ये गेली होती. शाळा फारशी झालीच नाही. तो ड्रम शिकवायचा. पुढे जिमी हेंड्रिक्सबरोबर वाजवणारा मिच मिचेल त्याचाच विद्यार्थी. दुकानात गिटारवाली पोरं यायची आणि तक्रार करायची की आम्हाला हवा तसा अ‍ॅम्प्लिफायर इथे मिळत नाही, अमेरिकेहून मागवलेला परवडत नाही. जिमने आपल्या तंत्रज्ञांना कामाला लावलं. फेंडर कंपनीचा एक अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायर समोर ठेवून त्यांनी १९६२ च्या सुमारास स्वतःचा तयार केला. इंग्लंडमध्ये मिळणारे सुटे भाग वेगळे, त्यामुळे आवाजही थोडा वेगळा निघाला. नक्कल करायला गेले आणि स्वतःचंच काहीतरी सापडलं. क्लॅप्टनने त्या १९६६ च्या रेकॉर्डवर मार्शलचाच अ‍ॅम्प्लिफायर वापरला.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. जुन्या मर्फी रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असतात. त्यांना झेपेल तेवढाच आवाज काढला तर सूर स्वच्छ येतो. पण मर्यादेपलीकडे ताणलं की ध्वनिलहरीचं टोक छाटलं जातं, आणि मूळ सुराबरोबर त्याचे वरचे स्वर दाटीने ऐकू यायला लागतात. सूर भरदार होतो, लवकर विरत नाही. अभियंत्याच्या भाषेत हा दोष आहे. पण आपण तानपुऱ्याची जवारी काढतो तेव्हा काय करतो? घोडीचा पृष्ठभाग अगदी हलका गोलसर घासून, तारेखाली दोरा सारून, तारेला घोडीवर किंचित खरखरू देतो. त्या खरखरीतून वरच्या स्वरांचं सगळं आकाश उघडतं. दोन्हीकडची कारणं वेगळी, पण कानाची भूक एकच. जवारी नसलेला तानपुरा जसा मुका वाटतो, तसाच स्वच्छ, न ताणलेला अ‍ॅम्प्लिफायर हार्ड रॉकवाल्याला मुका वाटतो.

मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या तानपुरे घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. गवयांनी मागितलं तसं त्यांनी घडवत नेलं. मार्शलचंही तसंच झालं. द हू बँडच्या पीट टाउनशेंडने आणखी मोठा आवाज मागितला, म्हणून शंभर वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आला. त्याच्या हमालांची पाठ मोडायला लागली, म्हणून स्पीकरचं एक अजस्र खोकं कापून दोन केली. एकावर एक रचलेली ती काळी खोकी पुढे जगभरच्या रॉक रंगमंचांवरची भिंत झाली.

हा कारखाना १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्लेचलीला आला, म्हणजे आपलं शहर जन्माला येत होतं त्याच सुमारास. जिम मार्शल ५ एप्रिल २०१२ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी गेला. २०२३ मध्ये कंपनी एका स्वीडिश उद्योगाशी जोडली गेली. आज आपल्या मुलांच्या कानांवर मार्शलचे हेडफोन दिसतात. पण त्या पांढऱ्या तिरक्या अक्षरांमागचं घराणं हे असं, आपल्या गावचं आहे.

पासपोर्ट

स्थानिक पोरांच्या ‘स्किनी कॅट’ या बँडमधून बर्नीने सुरुवात केली. मिळेल त्या सभागृहात वाजवायचं, सामान व्हॅनमध्ये भरायचं, रात्री उशिरा परत यायचं. १९७२ मध्ये त्याला पहिली मोठी संधी मिळाली. यूएफओ नावाच्या लंडनच्या हार्ड रॉक बँडने त्याला गिटारवादक म्हणून घेतलं.

१९७३ च्या उन्हाळ्यात यूएफओचा जर्मनीत दौरा होता. ऐन वेळी बर्नीचा पासपोर्ट सापडेना. आपल्यापैकी ज्यांनी हीथ्रोच्या वाटेवर एकदा तरी गाडी बाजूला घेऊन बॅगा उपसल्या आहेत, त्यांना त्याच्या पोटात काय झालं असेल ते सांगायला नको. बँड पुढे गेला होता, कार्यक्रम ठरलेला होता. त्यांच्याआधी वाजवणाऱ्या स्कॉर्पियन्स या जर्मन बँडमधला एक किशोरवयीन पोरगा त्यांनी उसना घेतला. त्याचं नाव मायकेल शेंकर. तो असा काही वाजला की थोड्याच दिवसांत यूएफओने त्यालाच कायम केलं. पुढे शेंकर हा हार्ड रॉकमधल्या सर्वांत मोठ्या गिटारवादकांपैकी एक मानला गेला आणि यूएफओचे गाजलेले अल्बम त्याच्या गिटारवर उभे राहिले. बर्नीच्या वाट्याला यूएफओचा एकही पूर्ण अल्बम आला नाही.

इथे एखादा खचला असता. बर्नी पुढच्या कामाला लागला. जेथ्रो टलमधून बाहेर पडलेल्या ग्लेन कॉर्निकचा ‘वाइल्ड टर्की’, मग ड्रमवादक कोझी पॉवेलचा ‘हॅमर’, मग ‘बेब रूथ’. तीन-चार वर्षांत तीन बँड. आपल्याकडे कीर्तनकाराच्या किंवा तमाशाच्या फडावर साथ करणारे जुने वादक जसे प्रत्येक हंगामात वेगळ्या फडावर दिसायचे, तसंच हे आयुष्य. त्यात नाव होत नाही, पण हात तयार होतो आणि माणसं जोडली जातात. या धावपळीतच, १९७४ च्या सुमारास, त्याने काही शे पौंडांना एक जुनी गिटार घेतली. गिब्सन कंपनीची १९५९ ची लेस पॉल.

या गिटारची कथा वेगळी आहे. १९५८ ते १९६० या तीन वर्षांत या लालसर-पिवळ्या रंगाच्या गिटार दोन हजारसुद्धा तयार झाल्या नाहीत. खपत नाहीत म्हणून कंपनीने हा नमुना बंदच केला. मग क्लॅप्टनने त्या रेकॉर्डवर ती वाजवली आणि जग तिच्या मागे लागलं. आज अशा एका गिटारची किंमत मिल्टन कीन्समधल्या घराच्या बरोबरीने मोजतात. बर्नीने आपल्या गिटारला ‘द बीस्ट’, म्हणजे जनावर, असं नाव ठेवलं आणि चाळीसहून अधिक वर्षं वाजवली. पुढे गिब्सन कंपनीने तिची हुबेहूब प्रतिकृती बाजारात आणली. आपण वाजवून वाजवून घासलेलं वाद्य, ओरखड्यांसकट, कंपनीने पुन्हा घडवावं, हा कारागिराला मिळालेला मोठाच मान.

व्हाइटस्नेकची चार वर्षं

डीप पर्पल हा बँड १९७६ मध्ये फुटला. त्यातला कीबोर्डवादक जॉन लॉर्ड आणि ड्रमवादक इयन पेस यांनी टोनी अ‍ॅश्टनबरोबर नवा बँड काढला आणि बर्नीला घेतलं. १९७७ मध्ये त्यांचा ‘मॅलिस इन वंडरलँड’ हा एकच अल्बम निघाला आणि तो बँडही आटोपला. पण या ओळखीतून पुढचं दार उघडलं. डीप पर्पलचा गायक डेव्हिड कव्हरडेल स्वतःचा बँड बांधत होता. यॉर्कशायरच्या किनाऱ्याकडचा, खर्जातून गाणारा, ब्लूजवर जीव असलेला माणूस. १९७८ मध्ये कव्हरडेल, बर्नी आणि दुसरा गिटारवादक मिकी मूडी यांनी मिळून व्हाइटस्नेक उभा केला. लवकरच जॉन लॉर्ड आणि इयन पेसही तिथेच आले.

या पहिल्या व्हाइटस्नेकचं संगीत पुढच्या चकचकीत व्हाइटस्नेकपेक्षा निराळं आहे. त्यात घाई नाही. दोन गिटार एकमेकींना जागा देतात. मूडी काचेची नळी बोटात घालून मींड घ्यायचा आणि बर्नी ठाशीव, मोजके, गाता येतील असे स्वर वाजवायचा. बर्नीचा कुठलाही एकल तुकडा तुम्ही एकदा ऐकून गुणगुणू शकता. हार्ड रॉकमध्ये वेगाने बोटं चालवणारे खंडीभर आहेत, पण गुणगुणता येईल असं वाजवणारे थोडे. ब्लूजची शिकवण हीच, की कमी स्वर घ्या आणि प्रत्येकावर थांबा. आपल्याकडे विलंबित ख्याल ऐकलेल्या कानाला हे पटकन कळतं.

१९८० मध्ये ‘फूल फॉर युअर लव्हिंग’ आलं. कव्हरडेल, मूडी आणि बर्नी या तिघांनी ते मुळात अमेरिकन ब्लूजसम्राट बी. बी. किंगसाठी रचलं होतं, मग स्वतःकडेच ठेवलं. ब्रिटनमध्ये ते १३ व्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच वर्षी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधल्या कार्यक्रमांचा ‘लाइव्ह इन द हार्ट ऑफ द सिटी’ निघाला. १९८१ चा ‘कम अँड गेट इट’ ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. बकिंगहॅमचा पोरगा तिशीत पोहोचेपर्यंत देशातल्या सर्वांत लोकप्रिय हार्ड रॉक बँडपैकी एकाचा संस्थापक, गिटारवादक आणि गाणी रचणारा झाला होता.

पुढच्या अल्बमचं काम चालू असताना मात्र बँड आतून थकला होता. व्यवस्थापनावरून कुरबुरी होत्या. कव्हरडेलची लहान मुलगी गंभीर आजारी पडली आणि त्याने सगळं थांबवलं. पुन्हा सुरू करताना काही जुने साथीदार बरोबर नव्हते. नोव्हेंबर १९८२ मध्ये ‘सेंट्स अँड सिनर्स’ बाजारात आला तेव्हा बर्नी व्हाइटस्नेकमध्ये नव्हता. त्या अल्बमवर त्याची गिटार आहे, आणि त्याच अल्बमवर ते गाणंही आहे. चाल बर्नीची, शब्द कव्हरडेलचे. मोडत आलेल्या लग्नातून बाहेर पडणाऱ्या माणसाचं, एकट्याने वाट धरण्याचं गाणं. ब्रिटनमध्ये ते ३४ व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि विसरलं गेलं. निदान तेव्हा तसं वाटलं.

१० ऑक्टोबर १९८७

पाच वर्षांनी कव्हरडेल अमेरिकेत होता. तिथल्या रेकॉर्ड कंपनीला या जुन्या गाण्यात जीव दिसला. त्यांनी ते नव्याने ध्वनिमुद्रित करायला लावलं. चाल तीच, बांधणी जास्त भव्य, आणि अमेरिकन श्रोत्यांचा ऐकताना गैरसमज होऊ नये म्हणून ‘होबो’ हा शब्द काढून ‘ड्रिफ्टर’ घातला. अल्बमवर गिटार प्रामुख्याने जॉन साइक्सची, पण या गाण्यातला एकल तुकडा अ‍ॅड्रियन व्हँडेनबर्गचा. व्हिडिओ काढायची वेळ आली तोवर साइक्सही बँडबाहेर होता, त्यामुळे पडद्यावर व्हँडेनबर्गबरोबर व्हिव्हियन कॅम्पबेल दिसतो. आणि सगळ्यांच्या लक्षात राहिली ती दोन जॅग्वार गाड्यांच्या टपांवर कोलांट्या घेणारी अभिनेत्री. १० ऑक्टोबर १९८७ च्या आठवड्यात गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं. अल्बम एकट्या अमेरिकेत ऐंशी लाखांवर खपला.

बर्नी इंग्लंडमध्ये होता. मधल्या काळात त्याने ‘अलास्का’ नावाचा बँड काढून पाहिला, दोन अल्बम केले, पण ते चालले नाहीत. आणि आता त्याचीच चाल, दुसऱ्यांच्या हातांतून, जगभर वाजत होती. पासपोर्टच्या वेळी जे झालं तेच पुन्हा मोठ्या प्रमाणावर झालं असं कुणालाही वाटेल.

पण तसं नव्हतं, आणि फरक कायद्यात आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक त्या ध्वनिमुद्रणाचा, दुसरा मूळ रचनेचा, म्हणजे शब्द आणि चालीचा. १९८७ चं ध्वनिमुद्रण नवं होतं, त्यावर बर्नीचा काही हक्क नव्हता. पण रचना तीच होती. तिच्यावर दोघांची नावं होती, कव्हरडेल आणि मार्सडेन. कुणीही गावं, कुणीही वाजवावं, रेकॉर्ड विकली गेली किंवा रेडिओवर लागली की रचनाकाराचा वाटा निघतो. गंमत म्हणजे अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना काहीच मिळत नाही, पैसे फक्त रचना करणाऱ्यांना मिळतात. म्हणजे त्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या प्रत्येक गावात रेडिओवर ते गाणं लागत होतं तेव्हा, व्हिडिओत दिसणाऱ्या गिटारवाल्यांपेक्षा व्हिडिओत नसलेल्या गिटारवाल्याचं खातं भरत होतं.

आपल्या मंडळींना हे सांगण्यामागे कारण आहे. आपल्याकडे कित्येक संगीतकार-गीतकारांनी एकरकमी मानधन घेऊन निर्मात्याला सगळे हक्क लिहून दिले. गाणी पिढ्यांच्या ओठांवर राहिली आणि रचणाऱ्यांची म्हातारपणं ओढगस्तीत गेली. २०१२ साली भारताच्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा लिहून देता येणार नाही अशी तरतूद आली. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत आणि बाहेर लढा दिला. बर्नीच्या देशात ही व्यवस्था त्याच्या जन्माआधीपासून होती. त्याचं पुढचं आयुष्य तिच्या आधारावर उभं राहिलं.

आणि ही व्यवस्था माणसाबरोबर संपत नाही. ब्रिटनमध्ये दोघांनी मिळून केलेल्या गाण्याचा हक्क, त्या दोघांपैकी शेवटचा गेल्यानंतर आणखी ७० वर्षं टिकतो. म्हणजे आज आपल्या घरात जन्मलेलं बाळ आजोबा होईल तेव्हाही या चालीचा वाटा बर्नीच्या वारसांकडे जात असेल.

मग त्याने काय केलं?

पैसा आला की माणूस काय करतो त्यावरून त्याला मुळात काय हवं होतं ते कळतं. बर्नीने पुन्हा मिकी मूडीला गाठलं. दोघांनी मिळून छोट्या सभागृहांतून, क्लबांमधून वाजवायला सुरुवात केली. जुनी व्हाइटस्नेकची गाणी, आणि त्याहून जुना ब्लूज. मोठ्या मैदानांवरचे दिवस संपले होते, पण वाजवणं संपलं नव्हतं.

आपल्या मिल्टन कीन्सच्या नॅशनल बोलचा विचार करा. विटांसाठी माती काढून उरलेला खड्डा, शहर बांधताना निघालेल्या मातीने भरून आणि उंचवून तयार केलेलं ६५ हजार माणसांचं उघडं नाट्यगृह. तिथे १९८२ मध्ये क्वीन, १९८४ मध्ये स्टेटस क्वो, १९९३ मध्ये गन्स अँड रोझेस आणि मेटॅलिका येऊन गेले. त्या गर्दीच्या जवळच, वीस किलोमीटरवर जन्मलेला हा माणूस दोनशे लोकांसमोर खुर्चीवर बसून पीटर ग्रीनची गाणी वाजवण्यात रमला होता. कमीपणा वाटण्याचं कारण त्याला दिसलं नाही.

कव्हरडेलशी अबोलाही राहिला नाही. २०११ मध्ये स्वीडन रॉक महोत्सवात बर्नी पाहुणा म्हणून व्हाइटस्नेकबरोबर वाजवायला उभा राहिला. २०१४ च्या त्याच्या ‘शाइन’ अल्बमवर कव्हरडेल गायला आला. अमेरिकेचा लोकप्रिय ब्लूज गिटारवादक जो बोनामासा, वयाने बर्नीपेक्षा पंचवीसेक वर्षांनी लहान, त्याने २०२० च्या ‘रॉयल टी’ या अल्बमसाठी बर्नीला सोबत बसवून गाणी रचली. बर्नीने आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव ‘व्हेअर्स माय गिटार?’. आयुष्याचं सार विचारलं तर तीन शब्दांत.

सत्तरी गाठल्यावर त्याने २०२१ मध्ये ‘किंग्ज’ आणि ‘चेस’ असे दोन अल्बम काढले. पहिला अल्बर्ट, बी. बी. आणि फ्रेडी या तीन ‘किंग’ आडनावाच्या ब्लूजवाल्यांना वाहिलेला, दुसरा शिकागोच्या चेस रेकॉर्ड कंपनीच्या संगीताला. सोळाव्या वर्षी जे ऐकून गिटार हातात घट्ट धरली, त्याच संगीताकडे तो परतला. २४ ऑगस्ट २०२३ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी तो गेला. त्याच वर्षअखेरीस त्याचा शेवटचा अल्बम आला. नाव ‘वर्किंग मॅन’. कामकरी माणूस.

आपल्या घरातल्या गिटारी

आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांत आज एक गिटार आहे. कुणी ग्रेडच्या परीक्षा देतंय, कुणी खोलीचं दार लावून मार्शलचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर शेजाऱ्यांची तक्रार येईपर्यंत वाढवतंय. आई-बापांच्या मनात प्रश्न एकच असतो, यातून पुढे काय होणार? प्रश्न रास्त आहे. आपण स्वतः परीक्षा, व्हिसा आणि नोकरी या तीन पायऱ्यांवरून इथवर आलो, त्यामुळे पायरी दिसली नाही की आपल्याला धास्ती वाटते. बर्नीचं आयुष्य त्यावर हमीपत्र देत नाही. त्याच्याबरोबरचे शेकडो वादक काहीच हाती न लागता घरी परतले असतील. पण दोन गोष्टी त्यातून शिकता येतात. संधी हुकली तर पुढच्या कामाला लागायचं, कारण पुढची ओळख त्या कामातूनच होते. आणि जे स्वतः रचलंय त्यावर आपलं नाव पहिल्या दिवसापासून लिहून ठेवायचं, मग ते गाणं असो की संगणकाचा कोड. ही दुसरी गोष्ट तर आपल्यातल्या आयटीवाल्यांनाही उपयोगाची आहे.

फराळाची ताटं आवरून झाली की या सुट्टीत एक करून पाहा. आधी ‘लाइव्ह इन द हार्ट ऑफ द सिटी’ लावा, म्हणजे ऐन बहरातला बर्नी ऐकायला मिळेल. मग ‘हिअर आय गो अगेन’ दोनदा ऐका, आधी १९८२ चं, मग १९८७ चं. पहिल्यात ऑर्गन आहे आणि गाणं चालत जातं. दुसऱ्यात ते गाडीतून जातं. कुठलं आवडतं त्यावरून घरात वाद होऊ द्या. शेवटी ‘किंग्ज’ लावा आणि सत्तर वर्षांचा माणूस किती कमी स्वरांत किती सांगतो ते मुलांना ऐकवा. आणि पुढचे पाहुणे आले की ऑक्सफर्डला जाताना बकिंगहॅममध्ये चहाला थांबा. गाडीत कुठलं गाणं लावायचं ते आता तुम्हाला ठाऊक आहे.